कापसाच्या वावरातला ताजमहाल

बऱ्हाणपुरात जन्माला आलेल्या माणसाला ताजमहालाचं दुखणं आपोआप लागतं. बादशहाची बेगम आमच्या गावात वारली. तापीपलीकडच्या आहुखान्यात, म्हणजे बादशहाच्या हरणबागेत, तिला आधी पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताज इथेच व्हायचा होता, असं आमचा न्हावी, आमचा टांगेवाला आणि आमचे वकीलसाहेब एका सुरात सांगत. मग का नाही झाला? तर इथल्या मातीत वाळवी फार. बादशहाच्या कारागिरांनी म्हणे जमिनीत लाकूड पुरून पाहिलं, ते वाळवीने खाल्लं आणि ताज हातचा गेला. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवत असे. वाळवीची ही गोष्ट म्हणजे हरलेल्या गावाने स्वतःची घातलेली समजूत आहे, असं मी दरवर्षी मुलांना सांगत असे. ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडायचं.

खरा आहुखाना पाहायला मात्र कोणी जात नसे. नदी ओलांडायची, उन्हात चालायचं आणि पाहायचं काय, तर पडक्या भिंती. मी कितीदा लोकांना म्हटलं, चला, नीट समजावून सांगतो. एकदा दोघे आले. त्यातला एक वाटेत पेरू विकत घ्यायला थांबला तो थांबलाच. दुसऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इथे सावलीत बैल बांधले तर चालतात का? पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून मी तो नाद सोडला.

मूकपटांना वाचा फुटून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. एका फाल्गुनाच्या सुरुवातीला मुंबईची एक बोलपट कंपनी गावात उतरली. त्यांना बादशहा आणि बेगमेचं चित्र काढायचं होतं. गावात इतिहास जाणणारा म्हणून माझं नाव कोणीतरी सांगितलं असावं. दिग्दर्शक माझ्याकडे आले. गळ्यात रेशमी रुमाल, पायात वहाणा, आणि बोलताना दोन्ही हातांची चौकट करून त्यातून माझ्याकडे पाहायची सवय. मी त्यांना हौसेने किल्ल्यातला हमाम दाखवला, आहुखाना दाखवला. त्यांनी प्रत्येक ठिकाणी ती चौकट केली आणि प्रत्येक ठिकाणी नाक मुरडलं.

"मास्तर, हे अस्सल वाटत नाही," ते म्हणाले.

"अहो, हेच अस्सल आहे."

"असेल. पण जुनं दिसतं. प्रेक्षकाला जुनं नको असतं. त्याला मोगली पाहिजे."

तेव्हा मी त्यांना हसायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले की आम्ही सगळं नवं बांधू, तुम्ही आमचे इतिहासाचे सल्लागार, पडद्यावर तुमचं नाव येईल. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. त्यांना एक मोकळं वावर हवं होतं, त्यात थोडा उंचवटा, एखादं झाड आणि मागे कोरं आभाळ. असं वावर माझ्या माहितीत एकच होतं, ते आमचंच.

बहादरपूरच्या पुढे आमची कापसाची जमीन होती. ती माझा थोरला भाऊ कसायचा. मी शहरात शाई उडवायचो आणि सुगी झाली की वाटा न्यायला जायचो. वावराच्या मधोमध एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली ओटा. चार वर्षांपूर्वी आमची आई गेली, तेव्हा दादाने त्या ओट्यावर तिच्या नावाचा एक काळा दगड बसवला. वेचणीच्या दिवसांत ती दुपारची भाकर तिथेच बसून खायची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेलेल्या माणसांसाठी पाण्याची नवी घागर भरतात आणि वर डांगर ठेवतात, ज्याला शहरातले लोक खरबूज म्हणतात. सगळ्यांची घागर घरात भरली जाते. दादा मात्र आईची घागर वावरात नेऊन त्या दगडापाशी ठेवायचा. तो म्हणायचा, माय घरात बसली कधी, जी घरात पाणी पिईन?

दिग्दर्शकांनी ओट्याकडे पाहून हातांची चौकट केली. या वेळी नाक मुरडलं नाही. "इथेच बेगमेची कबर," ते म्हणाले.

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग मला कडुलिंबाच्या मागे घेऊन गेला.

"तिथं माय हाये," तो म्हणाला.

"दादा, दगडाला कोणी हात लावणार नाही. वरून नुसती लाकडाची चौकट येईल. उलट सावलीत राहील ती. दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न."

"मले बाकी काही नको. आखाजीले मायची घागर तिच्यापाशी ठेवाची हाये. तवर मोकळं पायजे."

"शब्द देतो," मी म्हणालो. कंपनीनेही दिला. कंपनीचा शब्द कागदावर होता, माझा तोंडी होता. दादाने माझ्यावर विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांत आमच्या वावरात मोगलाई आली. बांबूंवर गोणपाट, गोणपाटावर कणकेच्या खळीने चिकटवलेल्या चिंध्या, त्यावर चुन्याचा हात आणि वर रंगाऱ्याने काढलेली फुलं. लांबून संगमरवर, जवळून आमच्या वहिनीचं पोतेरं. कणकेची खळ कढईभर शिजताना वहिनी रोज पाहायची. एक दिवस ती मला म्हणाली, "भाऊजी, इतकी कणीक मातीले लावू राह्यले. उधईचा भंडारा हाये हा." उधई म्हणजे वाळवी. दादानेही दिग्दर्शकांना सांगितलं की साहेब, या मातीत उधई फार हाये, लाकूड टेकवू नका. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हणालो, "ती जुनी दंतकथा आहे." इतिहासाच्या सल्लागाराने दिलेला तेवढाच एक सल्ला त्यांनी ऐकला.

चित्रण सुरू झालं आणि अर्धं गाव वावरात लोटलं. चांदीचा कागद लावलेल्या फळ्या उन्हात फिरायच्या, बादशहा कबरीवर डोकं ठेवून रडायचा, दिग्दर्शक ओरडायचे, बादशहा उठून विडी पेटवायचा. मेलेली बेगम कडुलिंबाखाली बसून भेळ खायची. तिला पाहायला बायका मुलं कडेवर घेऊन मैल मैल चालत आल्या. एका म्हातारीने बेगमेच्या गालाला हात लावून "बाई, तू तर जित्ती हाये" म्हटलं आणि ती खरंच आनंदाने रडली. तो बोलपट पुढे आमच्या गावात लागला, तेव्हा एवढं सगळं बांधकाम पडद्यावर एक शिंक येऊन जावी इतका वेळ दिसलं. माझं नाव दिसलं नाही. मी दोनदा तिकीट काढून खात्री केली.

चैत्र लागला आणि कंपनी गेली. जाताना सांगून गेली की आमचं काम झालं, हे मोडून टाका, बांबू तुमचे. दादाने दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेतली. आणि त्याच दिवशी सकाळी स्टेशनवरून दोन टांगे आले.

लोक पाहून जाऊ देत, मग पाड, असं मी म्हटलं आणि दादाने कुऱ्हाड टेकवली. आधी आम्हाला वाटलं की चुकून आले असतील. पण पुढच्या रविवारी सात आले, त्याच्या पुढच्या रविवारी मोजायचं सोडून दिलं. स्टेशनवरचे टांगेवाले आता "ताजमहल, ताजमहल" म्हणून ओरडत होते. इच्छापूरहून देवीचं दर्शन करून परतणारे बैलगाड्या वळवून आमच्याकडे येऊ लागले. वावराच्या बांधावर एकाने मावा-जिलेबीची कढई मांडली, दुसऱ्याने उसाचा चरक लावला. वकीलसाहेब सहकुटुंब आले. न्हावी दोनदा आला. ज्यांनी सबंध जन्मात आहुखान्याकडे तोंड केलं नव्हतं, ते गोणपाटाच्या कबरीपुढे हात जोडून म्हणत होते, "आखिर अपने यहाँ आ ही गई." तीनशे वर्षांचं दुखणं चुन्याने बरं झालं होतं.

आणि त्यांना समजावून सांगायला मी होतोच. पहिल्या रविवारी कोणीतरी विचारलं, "मास्टरजी, बेगम अंदर है क्या?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की आत बांबू आहेत. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुतकात पेढे मागणाऱ्याकडे पाहावं. दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, "याबाबत इतिहास मौन बाळगतो." लोकांना हे बरंच बरं वाटलं. तिसऱ्या रविवारी इतिहास मौन होता, मी नव्हतो. बेगमेचं रूप, बेगमेची दानत, बेगमेचे शेवटचे शब्द, सगळं मी सांगू लागलो. शेवटचे शब्द तर मी तीन प्रकारे सांगायचो, बायका जास्त असल्या तर एक, पुरुष जास्त असले तर दुसरे, आणि कोणी शिकलेला दिसला की फारशीचा भास होईल असे तिसरे. लोक डोळे पुसायचे. आहुखान्यात ज्याला बैलाची सावली विचारली गेली, त्या माणसाला हे मिळालं तर तो काय करील? मी रविवारची वाट पाहू लागलो.

आखाजीला आठ दिवस उरले, तेव्हा दादा शहरात माझ्याकडे आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "उद्या पाडतो मी ते."

मी त्याला म्हणालो की आखाजीला सुट्टी आहे, माहेरवाशिणी आलेल्या असतात, त्या दिवशी सगळ्यांत जास्त लोक येतील. तहसीलदारसाहेब खांडव्याहून पाहुणे घेऊन येणार आहेत, त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवलाय. "दुसऱ्या दिवशी पाड. एका दिवसाने काय होतं? घागर त्या कबरीच्या पायथ्याशी ठेव. दगड आतच तर आहे."

दादाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तू शिकलेला हाये," तो म्हणाला. आमच्या घरात वाद संपवायला हे वाक्य वापरत. मी ते जिंकल्यासारखं घेतलं.

आखाजीच्या सकाळी दादा आणि वहिनी नवी घागर घेऊन आले. दादाने विहिरीचं पाणी भरलं, वहिनीने घागरीला कुंकू लावलं, वर डांगर ठेवलं, पानात सांजोऱ्या ठेवल्या आणि दोघांनी कबरीच्या पायथ्याशी हात जोडले. त्यांच्या मागे टांग्यांची रांग लागली होती. मी धुतलेलं धोतर, काळा कोट आणि हातात वेताची छडी अशा थाटात उभा होतो. मीही हात जोडले, पण घाईत.

वैशाखातलं ऊन. दहा वाजेतो वावर तव्यासारखं तापलं. लोक येत होते, बेगमेला पाहत होते आणि तिच्या पायाशी गार पाण्याची कोरी घागर पाहत होते. पहिला कोण होता ते मला दिसलं नाही. मी बेगमेच्या दानतीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात एकाने घागर कलती करून ओंजळीने पाणी प्यायलं. मग दुसऱ्याने. एका बाईने मुलांना पाजलं. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "वा, बेगमच्या नावाची पाणपोई! याला म्हणतात पुण्य." डांगर दोन पोरांनी फोडून खाल्लं. सांजोऱ्या कुठे गेल्या ते विचारू नये.

दादाने रिकामी घागर उचलली, विहिरीवर गेला, भरून आणली आणि परत तिथे ठेवली. ती संपली. त्याने पुन्हा भरली. वहिनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तहानलेल्याले पाणी पाजलं त पुण्यच हाये, त्याले ना नाही. पण सकाळपासून सासूबाईपाशी एक थेंब टिकला नाही." मी म्हणालो, "वहिनी, जरा थांबा, तहसीलदारसाहेब येताहेत." हे मी म्हणालो. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

तहसीलदार आले, खांडव्याचे पाहुणे आले. त्यांच्यात एक चष्मेवाले गृहस्थ होते, ते भिंतीवरच्या फुलांकडे फार जवळून पाहत होते. असे लोक मला आवडत नसत. मी आवाज चढवला. बादशहाचा शोक सांगितला, फारशी वळणाचे शेवटचे शब्द सांगितले, आणि मग चष्मेवाल्यांकडे वळून म्हणालो, "आणि हे काम पाहा, साहेब. तीनशे वर्षांनंतरही कसं खणखणीत!" असं म्हणून मी वेताच्या छडीने कबरीवर ठोका मारला.

छडी आत गेली. आवाजही झाला नाही. वाळलेली मऊ माती भुरभुर खाली आली, बांबूचं नुसतं साल हातात आलं आणि कबरीची पुढची बाजू गोणपाटासकट गुडघ्यावर बसावी तशी खाली बसली. आत वाळवीच्या मातीच्या नळ्या वरपर्यंत चढल्या होत्या. कणीक सगळी खाऊन झाली होती. ज्या गोष्टीला मी दरवर्षी हसत होतो, तिने माझ्याच वावरात, तहसीलदारांच्या समोर, स्वतःला सिद्ध केलं.

धूळ बसली आणि आतला काळा दगड दिसला. त्यावर गेल्या आखाजीचं कुंकू होतं, फिकं झालेलं.

"बेगम!" मागून एक बाई ओरडली. आणि लोक खाली वाकले. दहा-बारा जणांनी डोकी टेकली. कोणी फूल फेकलं. तहसीलदारांनी टोपी काढावी की नाही, अशा विचारात हात वर नेला आणि तिथेच ठेवला.

माझ्या तोंडात चौथ्या प्रकारचे शेवटचे शब्द तयार होत होते, खोटं कशाला सांगू. पण समोर दादा उभा होता, खांद्यावर भरलेली घागर, सदरा भिजलेला. सकाळपासूनची ती कितवी खेप होती कोण जाणे. तो माझ्याकडे रागाने पाहत नव्हता. मी आता काय सांगतो, एवढंच तो पाहत होता.

"ही बेगम नाही," मी म्हणालो. "ही आमची आई."

मग मागून एकाने अगदी आदराने विचारलं, "बादशहाच्या नात्यात कोण लागत होत्या?"

"कोणी नाही. ती या वावरात कापूस वेचायची."

"अच्छा," तो म्हणाला. डोकी टेकलेली माणसं उठली आणि गुडघ्यावरची माती झटकू लागली. एकाने फेकलेलं फूल परत उचललं. फसवल्यासारखा चेहरा करून लोक टांग्यांकडे निघाले. तहसीलदारांनी हात खाली घेतला आणि ते माझा निरोप न घेताच निघाले. दादाने भरलेली घागर ओट्याखाली टेकवली, जिलेबीवाल्याने कढई उतरवली. अर्ध्या तासात वावरात आम्ही तिघेच उरलो.

दादा ओट्यावर चढला, कोसळलेलं गोणपाट बाजूला केलं आणि दगडावरची माती हाताने पुसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बेगमचं तू तासभर सांगे रे. मायचं इतकंच?"

मी आठवायला लागलो. ती कापूस वेचायची. भाकर इथे बसून खायची. मी खांडव्याला शिकायला गेलो तेव्हा तिने दशम्या बांधून दिल्या होत्या. त्यापुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिचे तीन तऱ्हांचे शेवटचे शब्द मला पाठ होते. माझ्या आईचे शेवटचे शब्द काय होते, हे मी दादाला कधी विचारलंही नव्हतं.

मी ओट्यावर बसलो. म्हणालो, "दादा, तू सांग."

तो माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "माय तुह्या शाळेत आलती एकदा."

"कधी?"

"जिनिंगले कापूस टाकाले आलतो आम्ही गाडी घेऊन. मले म्हने, पोराचं शिकवणं ऐकून येते. खिडकीखाली उभी राह्यली. आत नाही आली. म्हने, त्याले बरं नाही दिसणार. तू पोरांले बेगमचंच सांगू राह्यला व्हता. चौदा लेकरं, लढाईवर नवऱ्यासंगं फिरली, अन् इथं मेली. मंग त्यानं केवढा ताजमहाल बांधला म्हने."

"मग?"

"वाटेनं गाडीत रडली. म्हने, बिचारी. चौदा बाळंतपणं, अन् एकदा बी कोणी तिले सव्वा महिना निजू नाही दिलं. जित्तेपणी दिलं असतं त ते दगडाचं घर लागलंच नसतं."

एवढी वर्षं मी तो धडा शिकवला होता. बेगमेच्या कबरीपुढे रडलेली शेकडो माणसं मी त्या महिनाभरात पाहिली होती, त्यांना रडवलंही होतं. तिच्यासाठी खरं रडलेलं माणूस माझ्या वर्गाच्या खिडकीखाली उभं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

बोलता बोलता वहिनीने घागर पाहिली. शेवटचे दोन-तीन टांगेवाले जाताना तीही संपवून गेले होते. दादा ती घेऊन उठायला लागला तशी मी त्याच्या हातातून घागर घेतली. काळा कोट काढून कडुलिंबाला अडकवला आणि विहिरीवर गेलो. मला ती नीट भरताही येईना, अर्धं पाणी पायावर सांडलं. उरलेलं मी आईपाशी आणून ठेवलं.